सबब, तरी आणि पूर्णविराम

पेशवाईतील एखादे मोडी पत्र प्रथमच हाती घेणाऱ्यास अक्षरांच्या वळणांहूनही अधिक कोड्यात पाडते ते वाक्य कोठे संपले याचा थांग न लागणे. कारण कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई, मग होता होईल तो बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरे मांडीत जाई, आणि शब्दाशब्दांत अंतर राखण्याची किंवा वाक्याअखेर खूण करण्याची त्याला गरजच भासत नसे. तथापि वाचणारा अडखळत नसे, याचे श्रेय ‘ऐसियास’, ‘त्यास’, ‘सबब’, ‘तरी’ यांसारख्या शब्दांचे. समोरच्याच्या पत्रातील मजकुराचा अनुवाद संपला की ‘ऐसियास’ येई. एकेका कलमाचे उत्तर द्यावयाचे तर ‘त्यास’. फारसीच्या वाटेने आलेला अरबी ‘सबब’ दिसला की कारणे सरून निष्कर्षास आरंभ झाला. आणि ‘तरी’ कानी पडताच आता आज्ञा वा मागणी येणार, हे निरक्षर शिलेदारही ताडीत असावा. हे शब्द दोन विधाने सांधीत आणि त्यांमधील शीवही दाखवीत. एकाच चाकराकडून दोन कामे घेण्याची ही काटकसर पुण्याच्या दप्तराला शोभेशीच म्हणावयाची!

इंग्रजी अमलात ही व्यवस्था पालटली. छापखान्याने शब्द सुटे केले, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हे रुजविली, आणि शीव दाखविण्याचे काम पूर्णविरामाकडे जाऊन जोडशब्दांकडे केवळ विचार सांधण्याचे काम उरले. त्याचा पुरेपूर लाभ उठविला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. 1874 मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तील ती पल्लेदार, उपवाक्यांनी भारलेली वाक्यरचना सर्वस्वी इंग्रजीची उसनवारी, असे म्हणण्याचा प्रघात आहे, तो मला अर्धाच मान्य आहे. चिन्हे परकी खरी, परंतु कारणामागून कारण जोडीत अखेरीस निर्णयावर येण्याची सवय दप्तरी गद्याला आधीपासूनच होती, आणि ‘किंबहुना’ तर ज्ञानेश्वरांच्याही ओवीत आहे.

‘ऐसियास’ मोडी पत्राबरोबरच मावळला. ‘सबब’ मात्र शालेय व्याकरणात ‘म्हणून’, ‘यास्तव’, ‘तस्मात्’ यांच्या पंक्तीस परिणामबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून बसला आहे, आणि मराठी निकालपत्रात कारणमीमांसा संपून हुकूम देण्याची वेळ आली की अद्यापही त्याचीच योजना होते.