रौप्य नाण्यांचा शोध व ओळख : बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. राजाचे नाव, टांकसाळ, वर्ष व धातूची शुद्धता या बाबी नाण्यावरून प्रत्यक्ष कळतात. अलीकडे धातुशोधक यंत्र म्हणजेच मेटल डिटेक्टर सहज विकत मिळू लागल्याने जुनी चांदीची नाणी शोधण्याचे आकर्षण वाढले आहे. परंतु नाणे सापडणे आणि त्यातून इतिहास उलगडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या फरकाचा विचार बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

उद्दिष्टे :
१. धातुशोधक यंत्राची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
२. रौप्य नाण्यांच्या ओळखीचे निकष मांडणे.
३. सापडलेल्या नाण्यांसंबंधीच्या कायदेशीर तरतुदींचा आढावा घेणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत निबंधासाठी दुय्यम साधनांवर आधारित वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

यंत्र आणि जिल्ह्याची भूमी :
यंत्राच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे जमिनीतील धातूत विद्युतप्रवाह उत्पन्न होऊन यंत्रास संकेत मिळतो. चांदी उत्तम वाहक असल्याने तिचा संकेत ठळक असतो. तथापि एकटे नाणे साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच कळते. बुलढाणा जिल्ह्याची भूमी बेसाल्ट खडकाची असून त्यातील चुंबकीय खनिजे यंत्रात गोंधळ निर्माण करतात. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात ओली क्षारयुक्त माती स्वतःच वाहक बनते. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते; त्यामुळे नाणे वरखाली सरकते. म्हणून केवळ खोलीवरून नाण्याचा काळ ठरविता येत नाही.

ओळखीचे निकष :
वजन हा पहिला निकष होय. आहत नाणे सुमारे ३.४ ग्रॅम, क्षत्रपांचे नाणे सुमारे २ ग्रॅम, मोगल रुपया सुमारे ११.४ ग्रॅम, तर १८३५ नंतरचा कंपनीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असतो. १९४० पासून ब्रिटिश रुपयातील चांदी निम्म्यावर आली, मात्र वजन तेच राहिले. दुसरा निकष लेखाचा. मोगल नाण्यावर हिजरी वर्ष, जुलूस वर्ष व टांकसाळीचे नाव असते. येथे विशेष सावधगिरी हवी. निजाम, मराठे व ईस्ट इंडिया कंपनी यांनीही दीर्घकाळ मोगल बादशहाच्या नावाने नाणी पाडली. त्यामुळे बादशहाचे नाव वाचून नाणे मोगलांचेच मानणे चुकीचे ठरते. टांकसाळ व चिन्हे पाहूनच निर्णय करावा.

उदाहरणादाखल साखरखेर्ड्याचा विचार करता येईल. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथे निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला. या परिसरात महंमदशहाचा हिजरी ११३७ चा रुपया सापडला, तरी तो लढाईचा पुरावा ठरत नाही. नाणी पाडल्यानंतर अनेक दशके व्यवहारात फिरत असत. ते नाणे त्या वर्षापूर्वी तेथे पडले नाही, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

संदर्भाचे महत्त्व :
१९०६ मध्ये नाशिकजवळील जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक रौप्य नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. संपूर्ण साठा एकत्र अभ्यासता आला, म्हणूनच सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा हाती आला. तीच नाणी सुटी सुटी सराफाच्या मुशीत गेली असती, तर केवळ चांदी उरली असती. जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन करून प्राचीन वसाहत व स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. अशा ठिकाणी थर न नोंदविता केलेली उकराउकर म्हणजे पाण्याआधीच केलेला नाश होय.

कायदेशीर तरतुदी :
१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ठेवा बेवारस ठरल्यास व अन्य करार नसल्यास शोधणाऱ्यास तीनचतुर्थांश आणि जमीनमालकास एकचतुर्थांश वाटा मिळतो. शासन तो ठेवा संपादित करू शकते. तेव्हा धातूच्या मूल्यावर एकपंचमांश अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे. माहिती दडविल्यास मात्र वाटा गमवावा लागतो व शिक्षाही होऊ शकते. संरक्षित स्मारकक्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरील नाणे पुरावस्तू ठरते व खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही.

निष्कर्ष :
धातुशोधक यंत्र धातू दाखविते. काळ, सत्ता व संदर्भ अभ्यासकास शोधावा लागतो. नांगरटीत वा पाया खोदताना नाणी आढळल्यास ती चिंच-राखेने घासू नयेत. जागा व खोली नोंदवावी, भांड्यासह साठा एकत्र ठेवावा आणि प्रशासनास कळवावे. कायदा शेतकऱ्याचा वाटा मान्य करतो, ही बाब गावपातळीवर पोहोचल्यास भीतीपोटी वितळविली जाणारी नाणी वाचतील. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे प्रबोधन हाती घेणे अगत्याचे आहे.