खोका इलिश

२०१४ साली माझी बदली कोलकात्याला झाली. घराजवळच्या बाजारात एका मासेवाल्याने माझ्या कानाशी येऊन, "खोका इलिश आछे, दादा," असं सांगितलं. आपल्याकडे एकेकाळी थेटराबाहेर काळ्या बाजाराची तिकिटं ज्या आवाजात विकत, अगदी तो आवाज. मी समजलो, मासा खोक्यात भरून आलेला आहे, म्हणजे परदेशी जाणारा उंची माल असणार. चांगले चार घेतले. किंमत इतकी कमी की मासेवाल्याचीच दया आली.

जिन्यात शेजारचे दादा भेटले. निवृत्त इतिहासशिक्षक. त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. (कोलकात्यात हा आगाऊपणा नव्हे, ही विचारपूस.) आणि मी कुणाचं तरी मूल पळवून आणल्यासारखा चेहरा केला. वास्तविक तसंच झालं होतं. बंगालीत खोका म्हणजे लहान मुलगा! दादांनी बोउदींच्या शिवणाच्या डब्यातून टेप आणली आणि माझ्या माशाला लावली. अठरा सेंटिमीटर.

"२३ पाहिजेत," दादा म्हणाले. त्याहून लहान इलिश धरायला आणि विकायला पश्चिम बंगालात बंदी आहे. २३ सेंटिमीटर म्हणजे आपली एक वीत. सरकारने वीतच लिहिलं असतं तर मला टेपशिवाय कळलं असतं. पण मग प्रत्येक कोळ्याने आपल्या सर्वांत लहान नातवाची वीत लावली असती, हेही खरं.

त्यानंतर जिन्यातच वर्ग भरला.

गंगेत मासे धरायला बंदी ही काही काल-परवाची गोष्ट नाही. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर सम्राट अशोकाने जी आज्ञा स्तंभावर कोरून घेतली, तिच्यात मासे मारू नयेत आणि विकूही नयेत असे दिवस ठरवून दिले आहेत. तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, त्यांच्या मागचे-पुढचे दिवस आणि उपोसथाचे दिवस. शिवाय काही प्राण्यांना कायमचं अभय. त्यांत बिनहाडांचा मासाही आहे. दादांना याचं फार वाईट वाटतं. कारण इलिशइतके काटे दुसऱ्या कुठल्या माशाला असतील असं मला वाटत नाही. सम्राटाची करुणा नेमकी काट्याशी येऊन अडली.

पुढे कंपनी सरकार आलं आणि प्रश्न दयेचा न राहता पैशाचा झाला. दक्षिणेश्वरचं मंदिर बांधणाऱ्या राणी रासमणीची गोष्ट सांगतात ती अशी : सरकारने हुगळीत मासे धरण्यावर कर बसवला. कोळी रडत राणीकडे आले. राणीने दहा हजार रुपये मोजून नदीचा तो भागच कंपनीकडून इजाऱ्याने घेतला आणि लोखंडी साखळ्या लावून बंद केला. साहेबांची जहाजं खोळंबली. विचारणा झाली तेव्हा बाईंनी कळवलं, जहाजांच्या वर्दळीने माझे मासे पळतात. कर रद्द झाला! बाई रुपये मोजून नदी कुलूपबंद करते, हे चित्र माझ्या मनातून आजही जात नाही. १८९७ मध्ये सरकारने मत्स्य-कायदा करून सुरुंगाने आणि विषाने मासे मारायला मनाई केली, पण त्यात साखळीची मजा नाही.

खरा कायदा होता तो स्वयंपाकघरात. आश्विनी पौर्णिमेच्या सुमाराला इलिश समुद्रातून वर नदीत येऊन लाखांनी अंडी घालतो. ही आपली कोजागिरी! आपण गच्चीवर दूध आटवत बसतो त्या रात्री तिकडे हा संसार चालतो. पूर्व बंगालातल्या पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजेला शेवटचा इलिश खायचा आणि मग थेट सरस्वतीपूजेला जोडीने आणायचा, अशी रीत. आपली नारळी पौर्णिमा तीच जातकुळी. "मग फ्रिज आला," दादा म्हणाले, "आणि १९७५ साली फराक्काचं धरण आलं." पूर्वी अलाहाबादपर्यंत जाणारा मासा धरणाला डोकं आपटून परत फिरू लागला.

बांगलादेशात आता ऑक्टोबरमध्ये याच पौर्णिमेच्या आसपास बावीस दिवस बंदी असते. मोडली तर एक ते दोन वर्षं तुरुंग, किंवा पाच हजार टाका दंड, किंवा दोन्ही. बंदीच्या दिवसांत सरकार कोळ्याच्या कुटुंबाला पंचवीस किलो तांदूळ देतं. नुसता तांदूळ. तो कशाशी खायचा हे मात्र आज्ञेत नाही.

एवढं ऐकल्यावर प्रायश्चित्त म्हणून मी ठरवलं, की आता नियमात बसणारा इलिश स्वतः धरायचा. रविवारी गळ आणि कणकेच्या गोळ्या घेऊन घाटावर जाऊन बसलो. तीन तास. शेजारी एक म्हातारा जाळं सांधत होता. त्याने आधी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं, मग त्याला हसू आवरेना. इलिश गळाला लागत नाही म्हणे! तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो. "बाबू, तुमच्यावर बंदी घालायची गरज नाही."

मी विचारलं, मग खोका कशाला धरता? तो म्हणाला, जाळं आडतदाराच्या पैशाचं. त्याला दादन म्हणतात. उचल घेतली की मासा त्यालाच द्यायचा, तो देईल त्या भावाने. मोठा मिळाला नाही तर लहान, पण जाळं रिकामं नेता येत नाही.

मग त्याने सहज विचारलं, "तुम्ही खोका कितीला घेतलात?"

मी भाव सांगितला. त्याने हातातली सुई खाली ठेवली.

"कितीला?" त्याने पुन्हा विचारलं.