दोन मीटरांचा प्रश्न : जर्मनीच्या डोंगराळ जंगलांतील खडीचे रस्ते आणि सायकलस्वार

महाराष्ट्रात रस्त्याचे दोन टप्पे असतात. आधी खडीकरण, मग डांबरीकरण. आणि या दोहोंमधील काळ कधी कधी एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंत लांबतो. जर्मनीच्या जंगलांत मात्र खडीकरण हाच अखेरचा टप्पा आहे. दाबून बसवलेली खडी, वर बारीक चुरा, कडेला चर आणि पाणी निघून जावे म्हणून मध्यभागी किंचित फुगवटा असलेले असे रस्ते ब्लॅक फॉरेस्टपासून हार्त्सपर्यंत जवळजवळ प्रत्येक डोंगररांगेत पसरलेले आहेत. ‘ग्रॅव्हल बाइक’, म्हणजे शर्यतीच्या सायकलसारख्या वाकड्या हँडलची पण रुंद टायरांची सायकल, येथे रुजली ती या जाळ्यामुळे.

हे जाळे सायकलींसाठी विणलेले नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. ओंडके वाहणाऱ्या ट्रकसाठी ते बांधले गेले. म्हणूनच त्यावरील चढ लांबलचक असतो, पण सहसा अंगावर येणारा नसतो. वळणे प्रशस्त असतात. आणि काही रस्ते कोणतेही कारण दिसत नसताना डोंगराच्या मध्यावरच संपतात, कारण ट्रकचे काम तेथेच संपते. जर्मनीचा सुमारे एक तृतीयांश भूभाग जंगलाखाली आहे आणि त्यातील जवळपास निम्मे जंगल खासगी मालकीचे आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात सर्वांत मोठा वाटा नगरपालिका व ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांचा. ज्या रस्त्यावरून आपण निर्धास्तपणे जातो, तो बहुधा कोणाच्या तरी उत्पन्नाचे साधन असतो.

सायकलीचा जनकही वनखात्यातीलच होता. बाडेनचे वनाधिकारी कार्ल ड्राइस यांनी १२ जून १८१७ रोजी मानहाइमहून श्वेट्सिंगेनच्या दिशेने आपले पॅडलविरहित, पायांनी जमीन रेटत न्यायचे दुचाकी यंत्र चालवले. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर, तासाभरात. त्याच वर्षी गेर्न्सबाखहून डोंगर ओलांडून बाडेन-बाडेनपर्यंतही ते गेले. ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर टोकाची ती फेरी ग्रॅव्हल सायकलिंगची पहिली घाटवाट मानायला हरकत नाही. आणि वर्ष संपण्यापूर्वी मानहाइममध्ये पदपथांवर हे यंत्र चालवण्यास बंदी आली. पादचारी आणि सायकलस्वार यांच्यातील वाटेचा वाद सायकलीइतकाच जुना आहे.

एकच डोंगर, तीन कायदे

वनखात्याचा नाका, नोंदवही आणि परवानगी यांची सवय असलेल्या मराठी माणसाला जर्मन जंगलाचे खुलेपण थक्क करते. १९७५ च्या संघीय वनकायद्याच्या कलम १४ नुसार विरंगुळ्यासाठी जंगलात पायी हिंडण्याची मुभा सर्वांना आहे, मग मालक कोणीही असो. सायकलला मात्र केवळ रस्ते आणि वाटा यांवरच परवानगी आहे. ‘वाट’ कशाला म्हणायचे, हा तपशील राज्यांवर सोपवलेला आहे, आणि खरी मेख तेथेच आहे.

बाडेन-व्युर्टेंबर्गच्या वनकायद्याचे कलम ३७ सांगते की दोन मीटरपेक्षा कमी रुंदीच्या वाटांवर सायकल चालवता येणार नाही. वनविभाग एखाद्या वाटेपुरता अपवाद करू शकतो, परंतु मूळ नियम हाच. शेजारच्या हेसेनने २०१३ च्या कायद्यात रुंदीचा आकडा घातला नाही. वाट पक्की किंवा मुळातच घट्ट जमिनीची आहे की नाही, हे तेथे पाहिले जाते. बव्हेरियाच्या राज्यघटनेच्या कलम १४१ मध्ये निसर्गाच्या आस्वादाचा हक्कच नमूद आहे आणि तेथे ‘योग्य’ वाटांवर सायकल चालते. योग्य म्हणजे काय, यावर वाद घालायला वाव भरपूर. ओडेनवाल्ड ही डोंगररांग या तिन्ही राज्यांत पसरलेली आहे. वाइनहाइमहून निघून उत्तरेकडे हेपेनहाइमच्या दिशेने गेल्यास राज्याची सीमा ओलांडल्याचे जंगलात जाणवतही नाही, परंतु तीच दीड मीटरची पायवाट एका बाजूला निषिद्ध आणि दुसऱ्या बाजूला बहुधा वैध ठरते.

दोन मीटरांचा हा नियम मला व्यवहार्य वाटत नाही. पावसाळ्यानंतर कडेची झुडपे वाढली की दोन मीटरांची वाट दीड मीटरची होते, आणि टेप घेऊन कोणी सायकल चालवत नाही. पण नियम अव्यवहार्य आहे म्हणून तो दुर्लक्षिता येत नाही. दंडापेक्षा अपघाताची चिंता मोठी : निषिद्ध वाटेवर एखाद्या वृद्ध पदयात्रीला धक्का लागला, तर दोष ठरवताना सायकलस्वाराची बाजू आधीच लंगडी झालेली असते. बहुतेक कुटुंबे काढतात तो वैयक्तिक दायित्व विमा आपल्याकडे आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे.

याच्या उलट बाजूला मालकाचे दायित्व फार थोडे आहे. सुकलेली फांदी डोक्यावर पडणे हा जंगलाचा स्वाभाविक धोका असून त्यासाठी वनमालकाला जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय संघीय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिला. वर्दळीच्या वाटांनाही तो लागू आहे. दुष्काळ आणि साल पोखरणाऱ्या भुंग्यांमुळे २०१८ नंतर स्प्रूसची जंगलेच्या जंगले वाळली आहेत, विशेषतः हार्त्समध्ये. तेथे वाऱ्याच्या दिवशी न जाणे शहाणपणाचे. लाकूडतोड चालू असल्याचा फलक आणि आडवी पट्टी दिसली तर रविवार असला तरी मागे फिरावे. अर्धवट कापलेली झाडे सुट्टी पाळत नाहीत.

नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

बहुतेक सायकल ॲप ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर चालतात. त्यात शेत आणि वनरस्त्यांना १ ते ५ अशी प्रत दिलेली असते. १ म्हणजे पक्का रस्ता, २ म्हणजे चांगली दाबलेली खडी, ५ म्हणजे नुसते गवत आणि माती. साधारण ४० मिलिमीटरच्या टायरांना दुसरी-तिसरी प्रत मानवते. रुंदी मात्र कित्येक वाटांची नोंदवलेलीच नसते, त्यामुळे ॲपने सुचवलेला मार्ग कायदेशीर असेलच असे नाही. आकृतीत ‘पाथ’ म्हणून बारीक तुटक रेघ दिसली की बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये सावध व्हावे. दुहेरी रेघेच्या वनरस्त्यावर सहसा प्रश्न येत नाही. संघीय वनकायद्याच्या दुरुस्तीचा प्रयत्न झाला होता, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये आघाडी सरकार कोसळले आणि तो मागे पडला.

मोबाइलचे जाळे खोऱ्यांत अनेकदा नाहीसे होते. हिरव्या पाटीवर पांढरा क्रूस आणि क्रमांक असलेली बचावस्थळे जंगलात जागोजागी आहेत. ११२ वर तो क्रमांक सांगितला की रुग्णवाहिका नेमक्या ठिकाणी पोहोचते. गोचिडीमार्फत होणाऱ्या मेंदूदाहाचा, येथील भाषेत एफएसएमईचा, धोका दक्षिण जर्मनीत जवळजवळ सर्वत्र आहे. तीन मात्रांची लस उपलब्ध आहे. भारतातून आलेल्यांच्या लसयादीत ती नसते, म्हणून घरच्या डॉक्टरांकडे आवर्जून विचारावी.

कुठे जावे

पहिल्या अनुभवासाठी मुर्ग नदीचे खोरे उत्तम. कार्ल्सरूहेहून फॉरबाखपर्यंत लोकल जाते. तेथून वनरस्त्यांनी श्वार्त्सेनबाख जलाशय आणि पुढे हजार मीटरच्या आसपासचा डोंगरमाथा गाठता येतो. एकूण चढ सुमारे ७०० मीटरचा, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड चढण्यासारखाच, फक्त तीनचार पट लांबीवर पसरलेला. माथ्यावर २०१४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान लागते. त्यात केवळ आखून दिलेल्या मार्गांवरच सायकल न्यावी. फॉर्त्सहाइम ते बाझल ही २८५ किलोमीटरची, १९०० साली आखलेली वेस्टवेग पायवाटही याच भागातून जाते. तिची लाल चौकटीची खूण मोहात पाडते, पण तिचे कितीतरी टप्पे सायकलला वर्ज्य आहेत.

श्वेबिशे आल्बच्या पठारावर नियमांचे कारण वेगळे आहे. म्युन्झिंगेनचे लष्करी सरावक्षेत्र १८९५ पासून २००५ पर्यंत वापरात होते. ग्रुओर्न हे गाव त्यासाठी १९३० च्या दशकाअखेर उठवण्यात आले. आज तेथे चर्च आणि जुनी शाळा उभी आहे. परिसर आता जीवावरण क्षेत्रात मोडतो, परंतु जमिनीत न फुटलेले तोफगोळे अजून आहेत. खुणा केलेला मार्ग सोडून लघुशंकेसाठीसुद्धा गवतात उतरू नये. चुनखडीच्या या पठारावर पाणी मुरून जाते, झरे मिळत नाहीत. गावच्या दफनभूमीतील नळ हा अनुभवी सायकलस्वारांचा आधार असतो, मात्र पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी तेथे नाही ना, हे वाचून घ्यावे.

जुन्या पूर्व-पश्चिम सीमेवरील गस्तीची वाट इतिहासप्रेमींना खुणावते. तिच्या सच्छिद्र काँक्रीट पट्ट्या टायर आणि मनगटे दोहोंची परीक्षा घेतात. आठदहा किलोमीटर पुरे.

आणि ज्यांना फ्रान्सचा डोंगराळ मुलूख हवा आहे, त्यांना फार दूर जायला नको. फाल्त्सचे जंगल आणि उत्तर व्होज हे १९९८ पासून सीमेच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले एकच जीवावरण क्षेत्र आहे. विसेंबूर हे फ्रेंच गाव जर्मन रेल्वेच्या फाट्याचे अखेरचे स्थानक. तेथून लाल वालुकाश्माच्या टेकड्यांमधून फ्लेकेनश्टाइन किल्ल्यापर्यंत वनरस्ते जातात. उन्हाळ्यात त्यावर भुसभुशीत वाळू साचते, टायरमधील हवा थोडी कमी ठेवावी. वाटांवरील खुणा क्लब व्होजियाँच्या. १८७२ साली ती संस्था स्थापन झाली तेव्हा हा प्रदेश जर्मन साम्राज्यात होता. झाडांवरचे रंगीत आयत आणि क्रूस मात्र पायी चालणाऱ्यांसाठीच रंगवलेले आहेत, हे सीमेच्या या बाजूलाही ध्यानात ठेवावे लागते.