पोर्तुगालचें १९७४ चें स्पर्धागीत व तत्संबंधीं प्रवाद

पोर्तुगालांत २५ एप्रिल १९७४ रोजीं जी राज्यक्रांति झाली तिचा पहिला इशारा एका गाण्यानें दिला गेला, ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. तेंच गाणें त्याच महिन्यांत युरोपच्या गीतस्पर्धेंत पोर्तुगालच्या वतीनें गाइलें गेलें होतें व तेथें तें तळाशीं राहिलें, हेंही पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. परंतु ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून कित्येक लेखक जें तिसरें विधान करितात, कीं ह्या गीतानें क्रांति घडविली, तें आम्हांस तपासून घ्यावेंसें वाटतें. ज्या देशाची सत्ता गोमांतकावर साडेचारशें वर्षें होती त्याच्या इतिहासांतील हा प्रश्न असल्यानें आमच्या वाचकांस तो अगदींच परका वाटणार नाहीं.

स्पर्धेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. युरोव्हिजन ह्या नांवानें ओळखली जाणारी ही स्पर्धा १९५६ सालीं स्वित्झर्लंडांतील लुगानो येथें सात राष्ट्रांनिशीं सुरू झाली. युरोपांतील प्रक्षेपण-संस्थांचा संघ तिचा कारभार पाहतो. प्रत्येक राष्ट्राची संस्था एक गीत निवडून पाठविते, इतर राष्ट्रें त्यास गुण देतात, आणि राजकारणास येथें थारा नाहीं असें संघ सांगत आला आहे. ही प्रतिज्ञा कितपत टिकली हें पुढील हकीगतीवरून दिसेल.

पोर्तुगालनें ह्या स्पर्धेंत प्रथम भाग घेतला तो २१ मार्च १९६४ रोजीं, कोपनहेगन येथें. आंतोनिओ काल्व्हारिओ ह्यानें 'ओरासांव', म्हणजे 'प्रार्थना', हें गीत गाइलें. त्यास एकही गुण मिळाला नाहीं. त्या रात्रीं एक मनुष्य रंगमंचावर चढला. फ्रँको व सालाझार ह्यांच्यावर बहिष्कार घाला, अशा अर्थाचा फलक त्याच्या हातांत होता. त्यास लागलीच बाहेर काढण्यांत आलें. साधनांच्या दृष्टीनें ह्या प्रसंगाची स्थिति मोठी विलक्षण आहे. त्या स्पर्धेचें ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, कांहीं त्रोटक चित्रखंड आहेत, परंतु समग्र चित्रमुद्रण नाहीं. तें आगींत जळालें असें बरीच वर्षें सांगत असत. मागाहून डॅनिश संस्थेकडूनच असें पुढें आलें कीं, मुद्रणयंत्र मोकळें नसल्यामुळें तें मुळांत झालेंच नव्हतें. जळालेल्या दप्तरांच्या कथा आमच्याकडेही थोड्या नाहींत, आणि त्यांपैकीं कांहीं दप्तरें कधीं लिहिलींच गेलीं नसावींत अशी शंका आम्हांस पूर्वींपासून आहे.

१९६७ सालीं व्हिएन्ना येथें अंगोलांत जन्मलेला एदुआर्दु नासिमेंतु हा कृष्णवर्णी गायक पोर्तुगालतर्फें उभा राहिला. अंगोलांत १९६१ पासून वसाहतयुद्ध चालूं होतें. आपलें राज्य वर्णभेद मानीत नाहीं हें जगास दाखविण्यासाठीं सालाझारनेंच त्यास पाठविलें, असा प्रवाद प्रचलित आहे. प्रवाद म्हणूनच तो नोंदवावा. त्याच्या गीताचें नांव मात्र 'वारा बदलला' असें होतें, आणि पुढील वर्षींच सालाझार आजारी पडून अधिकारावरून दूर झाला व मार्सेलु कायतानु हा त्याच्या जागीं आला. असले योगायोग कालांतरानें भविष्यकथनें होऊन बसतात, तेव्हां संशोधकानें त्यांपासून चार हात दूर असावें.

१९६९ चें गीत अधिक वादग्रस्त झालें. कवि जुझे कार्लुश आरी दुश सांतुश ह्याच्या रचनेंत, अपत्य हें सुखापोटीं होतें, असा निःसंकोच उद्गार होता, आणि तो सिमोन द ऑलिव्हैरा ह्या स्त्रीच्या तोंडीं होता. धर्मनिष्ठ समाजांत त्यावरून बरीच खळबळ उडाली. माद्रिदच्या स्पर्धेंत त्यास अवघे चार गुण मिळाले. त्याच रात्रीं चार राष्ट्रांस प्रत्येकीं अठरा गुण पडून चौघेही विजयी ठरले; ह्या निकालाच्या गोंधळानंतर १९७० सालीं पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन हीं पांच राष्ट्रें स्पर्धेपासून दूर राहिलीं. त्याच १९६९ च्या जानेवारींत लिस्बनजवळील काशियासच्या किल्ल्यांतून आमचे मोहन रानडे सुटले. १९५५ पासून ते पोर्तुगीजांच्या कैदेंत होते, आणि त्यांच्या सुटकेसाठीं ज्यांनीं अखंड खटपट केली त्यांत गायक व संगीतकार सुधीर फडके हे प्रमुख होते.

ह्या राजवटीची तपासनीस-पद्धति नीट लक्षांत घेतली पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचें उत्तर तींतच आहे. छापण्यापूर्वीं प्रत्येक मजकूर अधिकाऱ्याच्या हाताखालून जाई आणि निळ्या पेन्सिलीनें त्यावर काट मारली जाई. 'निळी पेन्सिल' हा शब्दच पोर्तुगीज भाषेंत तपासनीसाचा वाचक झाला आहे. कायतानुच्या कारकीर्दींत ह्या खात्याचें नांव बदलून 'पूर्वपरीक्षण' असें सौम्य केलें गेलें. पेन्सिल तीच राहिली. ही परीक्षा शब्दांची होती. शब्द जर रूपकांत गुंडाळलेले असले तर त्यांतून कांहीं निसटत असे. १९७३ सालीं लक्झेंबर्ग येथें फर्नांदु तोर्दु ह्यानें गाइलेलें 'तोरादा' हें गीत त्याचें उत्तम उदाहरण होय. कवि पुन्हां आरी दुश सांतुशच. वरकरणीं बैलझुंजीच्या रिंगणाचें वर्णन, आंत प्रस्थापित राजवटीची व तिच्या आश्रितांची टवाळी. श्रोत्यांस ती कळली, तरी गीत स्पर्धेस गेलें. आमच्या अलंकारशास्त्राच्या भाषेंत ही अन्योक्ति होय.

आतां १९७४. त्या वर्षींचें गीत 'ई द्पोइश दु अदेउश', म्हणजे 'आणि निरोपानंतर'. शब्द जुझे निझा ह्याचे, चाल जुझे काल्व्हारिओ ह्याची, गायक पाउलु द कार्व्हाल्यु. (१९६४ चा काल्व्हारिओ तो गायक व हा संगीतकार, हे दोन भिन्न पुरुष आहेत. तसेंच गायक कार्व्हाल्यु आणि क्रांतीचा सूत्रधार मेजर ओतेलु साराइव्हा द कार्व्हाल्यु ह्यांच्या नांवांतील साम्यावरून घोटाळा होऊं देऊं नये.) विषय प्रेमभंगाचा. त्यांत रूपक नाहीं, उपरोध नाहीं, राजाची वा प्रजेची गोष्ट नाहीं. ६ एप्रिल रोजीं इंग्लंडांतील ब्रायटन येथें सतरा राष्ट्रांची स्पर्धा झाली. स्वीडनच्या 'आबा' ह्या चमूनें ती जिंकली. पोर्तुगालास तीन गुण मिळून तें नॉर्वे, जर्मनी व स्वित्झर्लंड ह्यांच्यासह शेवटच्या जागेचें वांटेकरी झालें.

त्याच स्पर्धेंत इटलीच्या गीतासंबंधीं जें घडलें तें येथें मुद्दाम सांगतों. जिल्योला चिंक्वेत्ती (१९६४ ची विजेती हीच) हिच्या गीताचें नांव 'सी', म्हणजे 'होय', विषय प्रेमाचाच. पण इटलींत १२ मे रोजीं घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत व्हावयाचें होतें. वारंवार 'होय, होय' ऐकून मतदार भुलतील ह्या भयानें इटलीच्या सरकारी संस्थेनें ती स्पर्धा तेव्हां दाखविलीच नाहीं. एकाच रंगमंचावर दोन प्रेमगीतें. ज्यावर शंका घेतली गेली त्यानें कांहींच केलें नाहीं, आणि ज्यावर कोणीं शंका घेतली नाहीं त्यानें अठरा दिवसांनीं सैन्य जागें केलें.

सैन्यांतील तरुण अधिकाऱ्यांची गुप्त संघटना आफ्रिकेंतील युद्धास विटली होती. १६ मार्च १९७४ रोजीं काल्दश द राइन्या येथून निघालेला उठावाचा एक प्रयत्न फसला व अधिकारी कैद झाले. म्हणजे दुसऱ्या प्रयत्नांत चूक होणें परवडणारें नव्हतें. निरनिराळ्या छावण्यांतील लोकांस एकाच क्षणीं कळलें पाहिजे, आणि सरकारी गुप्त पोलिसांस कळतां कामा नये, अशी ही अडचण होती. तारायंत्रें व दूरध्वनि विश्वासाचे नव्हते. नभोवाणी सर्वांच्या कानांवर पडते, म्हणूनच ती निवडली. ओतेलुच्या मनांत पहिल्यानें जुझे अफोंसु ह्या लोकप्रिय विरोधी गायकाचें पद होतें. परंतु ज्याचीं कांहीं पदें निषिद्ध आहेत अशा गायकाचा आवाज अवेळीं लागला असता तर कान टवकारले गेले असते. निवेदक जुआंव पाउलु दिनीश ह्यानें स्पर्धेचें गीत सुचविलें. २४ एप्रिलच्या रात्रीं लिस्बनच्या एका नभोवाणी-केंद्रावरून त्यानें अकराला पांच मिनिटें असल्याचें सांगितलें, गायकाचें व त्या वर्षींच्या युरोपीय स्पर्धेचें नांव घेतलें, आणि तबकडी लावली. ह्या केंद्राचा आवाज लिस्बनच्या परिसराबाहेर फारसा पोंचत नसे; म्हणून मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनीं कॅथलिक पंथाच्या 'रादिओ रेनासेंसा' ह्या देशव्यापी केंद्रावरून अफोंसुचेंच 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' हें पद लागलें. पहिलें गाणें म्हणजे सज्ज व्हा. दुसरें म्हणजे निघा, आतां माघार नाहीं. २५ तारखेस सायंकाळीं कायतानु लिस्बनच्या कार्मु छावणींत शरण आला.

पानिपतच्या पराभवाची वार्ता पेशव्यांस एका सावकारी पत्रांतून कळली व त्यांत मोत्यें, मोहरा आणि खुर्दा ह्यांच्या नुकसानीचा हिशेब होता, हें प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक आहे. लिस्बनच्या संकेताची तुलना कोणी ह्या पत्राशीं करील, पण ती पुरती जुळत नाहीं. त्या पत्रांत शब्दाशब्दास सांकेतिक अर्थ होता. चतुर मनुष्याच्या हातीं तें पडतें तर त्यानें तें उलगडलें असतें. लिस्बनच्या गीतांत उलगडण्यासारखें कांहीं नव्हतेंच. तें किती वेळां वाचलें तरी त्यांत प्रेमभंगच सांपडतो. अर्थ होता तो घटकेंत व केंद्रांत: अमुक ठिकाणाहून, अमुक वेळीं. मम्मटानें व्यंजनेच्या विवेचनांत सूर्यास्ताचें जें उदाहरण घेतलें आहे तें आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस आठवेल. सूर्य मावळला, एवढेंच वाक्य; पण अभिसारिकेस त्याचा अर्थ एक, गुराख्यास दुसरा, दिवसभर राबलेल्या मजुरास तिसरा. निळी पेन्सिल अभिधेवर चालत होती, अन्योक्तीपर्यंतही ती क्वचितच पोंचत असे. देशकालावर काट मारण्याचें साधन तिच्यापाशीं नव्हतें.

तेव्हां गीतानें क्रांति घडविली हें विधान आम्ही मान्य करीत नाहीं. गायकासही त्या रात्रींपूर्वीं ह्याची कल्पना नव्हती. परंतु उलट बाजूनें, कोणतीही तबकडी चालली असती, हें म्हणणेंही आम्हांस उथळ वाटतें. गाणें असें हवें होतें कीं जें नुकतेंच घरोघरीं पोंचलेलें आहे, जें रात्रीं अकराच्या सुमारास लागल्यास कोणी मान वर करून पाहणार नाहीं, आणि ज्यास खुद्द सरकारी प्रक्षेपण-संस्थेनेंच देशाचें प्रतिनिधि म्हणून परदेशीं धाडलें आहे. हे तीनही गुण त्या क्षणीं स्पर्धागीताच्याच अंगीं एकवटले होते. ब्रायटनचा पराभव त्यास आड आला नाहीं. राजवटीनें स्वतःच्या हातानें दिलेला निरुपद्रवीपणाचा दाखला त्याजवळ होता. म्हणून जे संग्राहक गीतांच्या वह्या व तबकड्या जमवितात त्यांस आमची विनंति अशी कीं, अशा वस्तूवर ती केव्हां, कोठें व कोणत्या प्रसंगीं ऐकली गेली ह्याची चिठी अवश्य चिकटवावी. केवळ शब्दांवरून उद्यांचा संशोधक ह्या गीतास विरहगीतांच्या पेटींत टाकील, आणि त्यास दोष देतां येणार नाहीं.

पुढील वर्षीं, २२ मार्च १९७५ रोजीं, स्टॉकहोम येथें पोर्तुगालतर्फें 'माद्रुगादा' (पहाट) हें गीत दुआर्त मेंदश ह्यानें गाइलें. हा स्वतः सैन्यांत कॅप्टन असून उठावांत सामील होता. ह्या वेळीं गीताच्या शब्दांतच क्रांति होती. तो गणवेषांत, बंदूक घेऊन उभा राहूं इच्छीत होता अशी वदंता आहे. त्यास सोळावी जागा मिळाली. उघड बोलणारें गीत इतिहासाच्या दृष्टीनें आधीच्या मुक्या गीताहून गौण ठरावें, ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. नंतरच्या चार दशकांचें वृत्त ह्या विषयास सोडून आहे. एवढेंच नोंदवितों कीं १९६४ पासून न मिळालेलें पहिलें पारितोषिक पोर्तुगालास १३ मे २०१७ रोजीं कीव्ह येथें साल्व्हादोर सोब्राल ह्यानें ७५८ गुणांनीं मिळवून दिलें, आणि तें पोर्तुगीज भाषेंतील एका संथ प्रेमगीतानें.

गोमांतकासंबंधीं एक नोंद करून हा लेख पुरा करितों. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनच्या सरकारनें तें मान्य केलें नव्हतें. कागदोपत्रीं तो त्यांचाच प्रांत होता. एप्रिल १९७४ नंतरच्या सरकारनें ती भूमिका सोडली. ३१ डिसेंबर १९७४ रोजीं नवी दिल्ली येथें गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली ह्यांवरील भारताचें सार्वभौमत्व मान्य करणारा करार झाला. त्यावर पोर्तुगालतर्फें परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश ह्यांची, आणि भारतातर्फें परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण ह्यांची सही आहे.