धक्का कोण गिळतो? बुलढाण्याचा घाट, जीप आणि शॉक ॲब्सॉर्बर

१/ बुलढाणा जिल्ह्यात कोणाला गाव विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे घाटावर. या दोन भागांना जोडणाऱ्या वाटांवर चाकांनी जे सोसले, त्याच्याशी मोटारीच्या एका दुर्लक्षित भागाचा इतिहास जोडलेला आहे.

२/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६० च्या दशकात मलकापूरला रेल्वे आली, १८७० मध्ये कापसाची पेठ असलेल्या खामगावलाही फाटा मिळाला. मात्र जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा, सुमारे ६५० मीटर उंचीवर, रेल्वेपासून दूरच राहिले. मलकापूरहून तेथे पोहोचायचे तर सुमारे ४५ किलोमीटरची वाट आणि शेवटी राजूर घाट. खाली काळी माती : पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा मातीवरचा रस्ता काही वर्षांतच लाटांसारखा होतो.

३/ या वाटेवरची मालवाहू बैलगाडी स्प्रिंगविना चाले. आस थेट साट्याखाली. चाक दगडावर चढले की माल आणि माणूस दोन्ही उचलले जात. गवताची किंवा कडब्याची गादी हाच काय तो उपाय. तरीही गाडी उलटत नसे, कारण वेग माणसाच्या चालीइतका होता. धक्का बसे आणि तिथेच संपे.

४/ घोड्यांच्या गाड्यांनी कमानी आणल्या. पोलादी पाट्यांची चळत वाकते, धक्का साठवते आणि लगेच परत देते. येथेच खरी मेख आहे. कमान धक्का नाहीसा करत नाही, उधार ठेवते. पाटे एकमेकांवर घासून थोडी ऊर्जा खर्च होते आणि घोड्याच्या वेगाला तेवढे पुरते. मोटारीच्या वेगाला ते पुरेना. एका खड्ड्याचे हेलकावे थांबण्याआधीच दुसरा खड्डा येऊ लागला.

५/ विसाव्या शतकाच्या आरंभी यावर उपाय शोधले गेले. फ्रान्समध्ये त्रुफो याने चकत्यांच्या घर्षणाने हेलकावा रोखणारे साधन केले. एडवर्ड हार्टफर्डने ते अमेरिकेत नेले. फ्रान्समध्येच हुदाय याने घर्षणाऐवजी तेल वापरले. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे क्लॉड फॉस्टर याची गॅब्रिएल कंपनी मुळात मोटारींचे भोंगे बनवत असे. तीही या उद्योगात उतरली. गॅब्रिएल हे नाव पुढे मुंबईत पुन्हा भेटेल.

६/ नंतर रूढ झाली ती तेलाची नळी. आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा. चाक वर-खाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून दाटीवाटीने जावे लागते. हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. गाडीचे वजन कमान पेलते. शॉक ॲब्सॉर्बर फक्त हेलकावा मारतो. नावावरून नेमका उलटा समज होतो.

७/ दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये ही दोन्ही साधने एकत्र होती : चार चाकांना चार पाटा-कमानी आणि सोबत चार तेलनळ्या. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. रस्ता नसेल तिथे जाणारे वाहन म्हणून तिची कीर्ती झाली.

८/ १९४५ मध्ये जे. सी. व के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांतून जीपची जुळणी होऊ लागली.

९/ गाडी एकदाच घेतली जाते, झिजणारा भाग मात्र पुन्हा पुन्हा लागतो. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात परदेशी शॉक ॲब्सॉर्बरवर अवलंबून राहणे खेड्यापाड्यांतल्या गाडीला परवडणारे नव्हते. १९६१ मध्ये मुंबईतील मुलुंड येथे गॅब्रिएल इंडियाची सुरुवात झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची. जीपइतकीच तिची नळी देशात बनणे गरजेचे होते.

१०/ २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यात दिसणारे सरकारचे रूप ठरले. पुढे सरकारी जीपच्या जोडीला ‘काळी-पिवळी’ आली : एसटी न पोहोचणाऱ्या गावांतून क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी वाहणारी. त्या ओझ्याखाली कमान दबते आणि ते डोळ्यांना दिसते. तेलनळी मरते ती मात्र दिसत नाही.

११/ झीज इतकी सावकाश होते की चालकाचा हात तिला सरावतो. गाडी जरा डुलते, एवढेच त्याला वाटते. प्रत्यक्षात चाक क्षणभर जमीन सोडत असते. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नाही आणि स्टिअरिंग फिरवूनही नाही. राजूर घाटाच्या उताराच्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

१२/ मग तपासायचे कसे? गाडीचा कोपरा दाबून सोडायचा, ही जुनी पद्धत. एक-दीड हेलकाव्यात गाडी थांबली तर नळी बरी, डुलत राहिली तर गेलेली. परंतु पाटा-कमानीच्या जीपवर ही चाचणी फसवी ठरू शकते. घट्ट, गंजलेले पाटे स्वतःच हेलकावा अडवतात आणि मेलेली नळी जिवंत भासते. म्हणून इतर खुणाही पाहाव्या लागतात. नळीवर धुळीचा ओलसर थर चालेल, तेलाचा ओघळ नाही. रबरी बुश फाटलेला नसावा. टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज नसावी. खडबडीत वाटेवरून आल्यावर चारही नळ्या तापलेल्या हव्यात. हात जपूनच लावावा. जी थंड, ती काम करत नाही.

१३/ पक्का निवाडा नळी सोडवल्यावरच होतो. ती उभी धरून हाताने ओढावी व दाबावी. विरोध सलग हवा. बहुतेक नळ्यांत तो ओढताना अधिक असतो. दिशा बदलताना हात मोकळा सरकला, तर आत हवा शिरली आहे किंवा तेल कमी झाले आहे.

१४/ बदलताना एका आसावरची जोडी बदलतात. एक नवी, एक जुनी ठेवली तर गाडी दोन बाजूंनी वेगळी वागते. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर टेकवतात आणि आसालाही आधार देतात. नवी तेलनळी बसवण्यापूर्वी उभी धरून काही वेळा पूर्ण वर-खाली करतात, म्हणजे आतील हवा निघते. बुशचे बोल्ट शेवटी, गाडीचा भार चाकांवर आल्यावर आवळतात. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते. कमानी उंचावलेल्या जीपला मूळ मापाची नळी आखूड पडते, म्हणून लांबी मोजूनच घ्यावी लागते.

१५/ ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तो मेहकर आणि सिंदखेड राजा या घाटावरच्या तालुक्यांतून जातो. आता एकच गाडी सकाळी पांदणीतून दहाच्या वेगाने निघते आणि तासाभरात शंभराच्या वेगाने धावते. पांदणीत झिजलेल्या नळीने अंग दुखते. महामार्गावर तीच नळी चाकाला रस्ता सोडू देते. बैलगाडीच्या काळात धक्क्याची किंमत कंबर मोजत होती. वेग वाढला तशी ती किंमत प्राणांपर्यंत गेली आहे.