माळढोक अभयारण्य : संवर्धन आणि विकास यांच्या संघर्षाचा इतिहास
(विशेष संदर्भ : अहमदनगर जिल्हा)

प्रस्तावना :
विकास आणि वन्यजीव संवर्धन यांचा संघर्ष जगभर आढळतो. अलास्कातील आर्क्टिक वन्यजीव आश्रयक्षेत्राच्या किनारी मैदानात खनिज तेल काढावे की नाही, हा वाद 1980 च्या कायद्यापासून चालू आहे. 2017 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तेथे भाडेपट्ट्यांना वाट मोकळी केली. तो प्रदेश मुख्यतः संघराज्याच्या मालकीचा आहे. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील संघर्ष मात्र शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर घडला. प्रस्तुत निबंधात त्याचा आढावा घेतला आहे.

अभयारण्याची निर्मिती :
वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये झाला. त्याच्या आधारे 1979 मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे 8,496 चौ.कि.मी. क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. अहमदनगरमधील कर्जत, श्रीगोंदा व नेवासा हे तालुके त्यात आले. माळढोक उघड्या गवताळ माळावर जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. म्हणून त्याला विस्तीर्ण माळ हवा, हा विचार शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता. परंतु या सीमेत गावे, शेते, रस्ते व बाजारपेठाही आल्या. याउलट, कर्जत तालुक्यातच काळविटांसाठी 1980 मध्ये झालेले रेहेकुरी अभयारण्य अवघे 2.17 चौ.कि.मी. होते.

संघर्षाचे स्वरूप :
हा अवर्षणप्रवण भाग. कुकडी, घोड व मुळा प्रकल्पांचे पाणी आले तसा माळ नांगराखाली गेला व ऊस वाढला. दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याने पाणी नाकारावे, अशी अपेक्षा अन्यायाची ठरली असती. दुसरीकडे, अभयारण्याच्या निर्बंधांमुळे जमिनीचे व्यवहार व विकासकामे अडल्याची तक्रार वाढत गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2000 मध्ये अभयारण्यांचे क्षेत्र आपल्या अनुमतीशिवाय कमी करण्यास मनाई केल्याने सीमाबदल लांबला. अखेर 2012 मध्ये क्षेत्र सुमारे 1,222 चौ.कि.मी. इतके उरले.

मूल्यमापन :
सीमा घटली म्हणून माळढोक संपला, असे म्हणता येत नाही. सीमा विस्तीर्ण होती तेव्हाही गवत नाहीसे होतच होते. 2011 मध्ये हा पक्षी जागतिक स्तरावर अतिसंकटग्रस्त ठरला. नकाशावरील रेषेने शेतकऱ्याला अडवले, पण पक्ष्याला आसरा दिला नाही. दोन्ही बाजूंचे नुकसान झाले. राजस्थान व गुजरातमध्ये वीजवाहिन्यांवरून उद्भवलेल्या प्रश्नात सर्वोच्च न्यायालयाने 2021 चा आदेश 2024 मध्ये बदलला. तेथेही हाच तोल साधण्याचा प्रयत्न दिसतो.

निष्कर्ष :
महसुली दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदलेला माळ हा एक जिवंत अधिवास आहे, ही जाणीव उशिरा आली. मोठ्या क्षेत्रावर सरसकट निर्बंध घालण्यापेक्षा निवडक गवताळ पट्टे राखणे आणि ते राखणाऱ्या शेतकऱ्यांना व मेंढपाळांना मोबदला देणे अधिक हिताचे ठरले असते. लांडगा, खोकड, काळवीट आजही याच माळांवर जगतात. त्यांच्याबाबत हा धडा अद्याप उपयोगी पडू शकतो.