रानपिंगळा: ११३ वर्षं आणि एक खोटी नोंद

डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की माहिती नसणं परवडतं, चुकीची माहिती असणं परवडत नाही. नसलेली माहिती निदान रिकामी दिसते तरी. चुकीची मात्र बाकीच्या नोंदींसारखीच नीटनेटकी दिसते, आणि तिच्या भरवशावर लोक पुढचे निर्णय घेत बसतात. याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात भारी उदाहरण सॉफ्टवेअरमधलं नाहीच. ते आहे आपल्या सातपुड्यातल्या एका वीतभर पक्ष्याचं. रानपिंगळ्याचं. काहीजण त्याला वनपिंगळाही म्हणतात.

साधा पिंगळा आपल्या ओळखीचा असतो. जुन्या झाडाच्या ढोलीत नाहीतर पडक्या भिंतीत राहणारा, अंगभर पांढरे ठिपके असलेला, संध्याकाळ झाली की भांडल्यासारखा ओरडणारा. रानपिंगळा त्याचा चुलतभाऊ, आकाराने जेमतेम थोडा मोठा. पण डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर जाड पांढरे पट्टे, आणि चोच नि पंजे अंगाच्या मानाने चांगलेच दणकट. वाचायला सोपं आहे. सागाच्या जंगलात, लांबच्या फांदीवर, पानांतून येणाऱ्या उन्हाच्या कवडशांत हे फरक ओळखायचे म्हणजे मात्र दुर्बीण डोळ्याला लावून गप्प बसण्याशिवाय इलाज नाही.

गोष्ट सुरू होते डिसेंबर १८७२ मध्ये. एफ. आर. ब्लेविट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एक पिंगळा मारला. (तेव्हाचं पक्षिनिरीक्षण बंदुकीनेच व्हायचं. पक्षी पाडायचा, कातडी सोलून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची.) तो नमुना पोचला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे. हो, तोच ह्यूम, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला. साहेब पक्ष्यांचे जबरदस्त वेडे होते. आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८७३ साली त्यांनी या पक्ष्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असं नाव दिलं. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉलला आजच्या ओडिशात एक मिळाला. आणि जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादा-तळोद्याकडे, आणखी काही जमवले. सगळे मिळून सात नमुने. १८८४ नंतर पक्षी गायब.

म्हणजे पुस्तकांतून गायब. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या भिल्ल आणि पावरा माणसांच्या डोळ्यांसमोर तो रोज बसत असणारच. त्यांना कुणी विचारलं होतं म्हणा!

आता खलनायकाची एंट्री. कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन. ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, नावाजलेला पक्षितज्ज्ञ, प्रचंड मोठ्या संग्रहाचा मालक. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, मांडवी, तापीकाठ, गुजरात. झालं! शेवटची नोंद १८८४ वरून सरळ १९१४ वर आली आणि जागाही बदलली. पुढे जो कुणी हा पक्षी शोधायला निघेल त्याच्या यादीत सगळ्यात ताजा पत्ता मांडवीचा. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. बहुतेकांनी मनातल्या मनात त्याला श्रद्धांजली वाहून टाकली होती.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या एका मोठ्या पुस्तकावर काम करत होत्या. (ते २००५ साली आलं.) दरम्यान १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी माइनर्टझागेनचे दुसरे काही नमुने चोरीचे असल्याचं दाखवून दिलं होतं. मग रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्याचा रानपिंगळाही तपासायला घेतला. एक्स-रे काढले. आणि काय सापडावं? कातडी नव्याने भरलेली, पण आत जुन्या हाताच्या खुणा तशाच. त्या खुणा होत्या डेव्हिडसनच्या पद्धतीच्या! म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना पळवायचा, उसवून पुन्हा शिवायचा, आणि आपल्या नावाची नवी चिठ्ठी बांधायची. याला आमच्याकडे कॉपी-पेस्ट करून ऑथरचं नाव बदलणं म्हणतात.

यातून निघालेलं उत्तर फार सुंदर आहे. मांडवी यादीतून उडवा. १९१४ उडवा. उरल्या फक्त जुन्या, खऱ्या जागा. तिथे जा.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या. काही नाही. मग आले शहाद्याला (तेव्हा धुळे जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार). २५ नोव्हेंबरच्या सकाळी किंगना झाडावर एक पिंगळा दिसला. ठिपके नसलेला, जाड पट्ट्यांचा, दणकट पायांचा. भर उन्हात, आरामात बसलेला! ११३ वर्षांनी.

त्यांनी तो मारला नाही. त्याचे फोटो काढले, व्हिडिओ काढला. माझ्या मते या गोष्टीतला खरा बदल इथे आहे. १८७२ मध्ये पुरावा म्हणजे मेलेला पक्षी होता आणि त्याच पुराव्याची पुढे चोरी झाली. १९९७ मध्ये पुरावा म्हणजे न हलता काढलेलं चित्र, आणि पक्षी आपल्या फांदीवर.

गंमत म्हणजे रानपिंगळा दिवसा हिंडतो. सकाळच्या उन्हात पर्ण गळालेल्या झाडाच्या शेंड्याजवळ बसून सरडे, उंदीर हेरतो. घुबड म्हटलं की आपण रात्रीच शोधणार! पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याच्या सवयींचा नीट अभ्यास केला. तळोदा, तोरणमाळ, मेळघाट इथून नोंदी आल्या. २०१४ मध्ये तर तो तानसा अभयारण्यात मिळाला, मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर. २०१८ साली त्याचा धोक्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा एक पायरी खाली आला. पण हुरळून जायचं कारण नाही. झाडं तुटतायत, ढोल्या कमी होतायत, अंधश्रद्धेपायी घुबडं मारली जातातच.

आणि आता एक नवीन पाहुणा, म्हणजे आपण. प्रत्येक टीममध्ये हल्ली एकदोन मोठ्या लेन्सवाले असतातच. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री फोटो टाकायचा. हातात दीड दिवस, त्यामुळे बसून राहायला वेळ नाही. मग मोबाइलवर त्या पक्ष्याचा आवाज वाजवायचा. बिचाऱ्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो धावत समोर येतो. फोटो झकास येतो. पण पिल्लांच्या दिवसांत तो शिकार सोडून दिवसभर असल्या खोट्या शत्रूंशीच लढत बसला तर? मला हे माइनर्टझागेनचंच छोटं भावंड वाटतं. स्पीकरमधला तो पक्षीसुद्धा एक खोटी नोंदच. फरक एवढाच, या वेळी फसवला जातो तो पक्षी.

गेल्या हिवाळ्यात मी तानसात दोन सकाळी एका झाडाखाली बसून काढल्या. रानपिंगळा दिसला नाही. वहीत तारीख, वेळ, जागा आणि पुढे 'दिसला नाही' असं लिहिलं. मित्र म्हणाला, फुकट गेला वीकेंड. मला नाही तसं वाटत. त्या कर्नलच्या चिठ्ठीपेक्षा माझी ही ओळ जास्त उपयोगाची आहे, कारण ती खरी आहे. उद्या कुणी याच जागी शोधायला आला तर ती त्याला भलतीकडे पाठवणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कॅमेरा घेऊन रानात जाल तेव्हा एवढंच करा. मोबाइल खिशात ठेवा, झाडाला टेकून बसा, आणि जे दिसेल तेच लिहा. नाही दिसलं तर तसं लिहा. सकाळच्या उन्हात शेंड्यांकडे मात्र नक्की बघा. पिंगळा दिसलाच तर आधी डोक्यावर ठिपके आहेत का ते बघा, मग बटण दाबा.